पासाला पस्तीस

बॅप्टिस्ट मिस्किटा सातवी शिकलेला माणूस. पण मरोळच्या ज्या कारखान्याच्या टूलरूममध्ये तो कामाला होता, तिथे त्याच्या हातचा कोन चुकला असं वीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. साचा बनवताना लोखंडाला नेमका उतार द्यावा लागतो. साडेबारा अंश म्हणजे साडेबाराच. त्यासाठी साइन बार नावाची पोलादी पट्टी असते. तिच्या एका टोकाखाली किती उंचीचे ठोकळे ठेवायचे ते भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं, ठोकळे रचायचे, की कोन तयार. तक्त्यातले आकडे कुठून आले हे बॅप्टिस्टला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर फोरमनलाही नव्हतं.

ते त्याला ल्युसीने सांगितलं. ल्युसी त्याची एकुलती मुलगी, गावठाणातल्या चर्चच्या मराठी शाळेतून दहावी झालेली आणि अंधेरीच्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला गेलेली. चौऱ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो जेवायच्या आधी कारखान्यातल्या गोष्टी सांगत बसला होता, तेव्हा तिने मध्येच विचारलं, "पप्पा, ती पट्टी किती लांब असते?"

"दोनशे मिलिमीटर."

तिने आपलं कोष्टकांचं पुस्तक उघडलं, कागदावर दोन ओळी केल्या आणि म्हणाली, "मग साडेबारा अंशाला त्रेचाळीस पॉइंट दोन आठ."

दुसऱ्या दिवशी बॅप्टिस्टने तक्ता पाहिला. त्रेचाळीस पॉइंट दोन आठ आठ. शेवटचा आठ तेवढा तिच्या चार आकडी पुस्तकात बसत नव्हता. त्या दिवसापासून त्याला एक चाळाच लागला. तक्त्यात नसलेला एखादा वेडावाकडा कोन तो शनिवारी घरी घेऊन यायचा आणि ल्युसी तो सोडवून द्यायची. सोमवारी टूलरूममध्ये तो ठोकळे रचून मोजायचा आणि शेजारच्या मशीनवरच्या धाकू सावंतला म्हणायचा, "आला बघ. पोरीचा आकडा आला."

म्हणून जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, बारावीचं कॉलेज सुरू होऊन आठ दिवस झाले असताना, त्याने सतरा अंश वीस मिनिटांचा कोन आणला आणि ल्युसी म्हणाली, "ते पुस्तक ठेवून दिलं पप्पा. मला आता लागत नाही," तेव्हा त्याने कोन लिहिलेला कागद खाली ठेवला.

"म्हणजे काय, लागत नाही?"

"गणित सुटलं माझं. त्याच्याऐवजी भूगोल दिलाय."

"कोणी सोडलं?"

ल्युसी म्हणाली, "तुम्हीच सही केलीत ना पप्पा. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

मग त्याला मे महिन्यातला तो दिवस आठवला. अकरावीचा निकाल लागला होता. ल्युसी तापाने पडली होती, म्हणून पुढल्या वर्गाची फी भरायला तोच गेला होता. काउंटरवरच्या क्लार्कने पावतीसोबत इंग्रजीत टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, "इथे सही करा, प्रमोशनचा फॉर्म आहे." मागे रांग होती. बॅप्टिस्टने सही केली. इंग्रजी अक्षरं त्याला लावता येत होती, पण एवढं सगळं वाचायला त्याला अर्धा तास लागला असता.

स्वयंपाकघरातून त्याची बायको सेराफिना बाहेर आली. "वाचता येत नव्हतं तर विचारायचं होतंस," ती म्हणाली. "कारखान्यात कागद न वाचता लोखंड कापतोस का?"

तो ल्युसीकडे वळला. "नापास झाली होतीस?"

"नाही. सत्तेचाळीस होते. पास पस्तीसला. पण सर म्हणाले, पन्नासच्या खालच्यांना बारावीत गणित नाही. तेवीस जणांचं काढलं."

बॅप्टिस्ट त्या रात्री जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. पस्तीसला पास आणि सत्तेचाळीसला बाहेर. हे गणित कुठल्या शाळेतलं?

सोमवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि ल्युसीला घेऊन कॉलेजात गेला. उपप्राचार्य जयवंत नाबर यांच्या खोलीबाहेर तासभर बसल्यावर त्यांना आत बोलावलं. नाबर सर पन्नाशीचे, शांत आवाजाचे गृहस्थ. त्यांच्या मागे भिंतीवर गेल्या सहा वर्षांच्या बारावीच्या निकालाची पाटी होती. दरवर्षीची टक्केवारी पांढऱ्या रंगाने लिहिलेली, आणि गणिताचा आकडा सगळ्यात मोठा.

"मिस्टर मिस्किटा, आम्ही मुलांच्या भल्याचंच बघतो," सर म्हणाले. "अकरावीला पन्नास नाहीत तो मुलगा बारावीत गणितात हमखास गडगडतो. मग अख्खं वर्ष फुकट जातं. त्यापेक्षा भूगोल घ्यावा, चांगले मार्क पडतात."

"बोर्डाचं पासिंग किती आहे सर?"

"पस्तीस."

"आणि हिला?"

नाबर सरांनी समोरची यादी पाहिली. "सत्तेचाळीस."

"मग ही पास आहे."

"पास असणं वेगळं. बारावीच्या गणिताला बसण्याची पात्रता वेगळी."

"ती कोणी ठरवली?"

"कॉलेजने." सर थोडं हसले. "हे बघा, मुलीची जात. बायॉलॉजी आहे तिला. तुमच्या समाजातल्या मुली नर्सिंगला किती छान जातात. त्याला गणित लागत नाही."

"हिला नर्सिंगला जायचं नाही," बॅप्टिस्ट म्हणाला. "हिला मशीनच्या डिझाइनचं शिकायचंय. त्याला लागतं."

"ते तुम्ही सही करण्याआधी बघायचं होतं," नाबर सर म्हणाले, फाइलमधून तो टाइप केलेला कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि बोटाने खालची सही दाखवली. "ही तुमचीच ना?"

बॅप्टिस्टची सही मोठी, शाळकरी वळणाची. त्या नाजूक टाइपाखाली ती एखाद्या ओल्या हाताच्या डागासारखी दिसत होती. तो उठला. उठताना तेवढं म्हणाला, "माझीच आहे. पण मला काय सांगून घेतली तेपण लिहा त्याच्यावर."

जिन्यात त्यांना मागून कोणीतरी हाक मारली. गणिताच्या शुभा गोरे बाई होत्या. तिशीच्या आतबाहेरच्या, नाहूरहून रोज अंधेरीला येणाऱ्या, जानेवारीत नव्याने लागलेल्या. त्यांनी आधी वर-खाली पाहिलं आणि मग हळू आवाजात बोलल्या.

"मी सांगितलं असं कुठे बोलू नका. माझी नोकरी वर्षावर्षाच्या ऑर्डरची आहे. पण तुम्हाला कळायला हवं. या मुलांना ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत गणिताला शिक्षकच नव्हता. आधीचे सर मस्कतला गेले, जागा तशीच राहिली. मी तीन महिन्यांत धावतपळत जेवढं जमलं तेवढं शिकवलं. लिमिट्स राहिल्या, बायनॉमियल राहिलं, वर्तुळाचा अर्धा धडा राहिला. पेपर मात्र पूर्ण पोर्शनवर काढला. न शिकवलेल्यावर चाळीस मार्क होते."

"म्हणजे साठाचाच पेपर," ल्युसी म्हणाली.

"हो. तू साठातले सत्तेचाळीस काढलेस." बाई बॅप्टिस्टकडे वळल्या. "हे मी मीटिंगमध्ये बोलले. तर मला सांगितलं, गोरे बाई, तुम्ही नवीन आहात. बोर्डाच्या ऑफिसात नियमांचं पुस्तक मिळतं. ते बघा. पन्नासचा नियम त्याच्यात सापडला तर मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत बॅप्टिस्टने धाकूला सगळं सांगितलं. धाकू मालवणकडचा. आधी परळच्या गिरणीत होता, मग इकडे आलेला. त्याने डबा बंद केला आणि बराच वेळ झाकणावर बोटं वाजवत बसला.

"माझ्या राधाचापण गणित काढल्यानी," तो म्हणाला. राधा ल्युसीच्याच वर्गातली. "चव्वेचाळीस होते तिका. मी म्हटलंय, पोरगी कच्ची आसात. घरी बोललंय पण तिका. दोन दिवस ती जेवली नाय."

"तिला शिकवलंच नव्हतं रे. ती काय कच्ची असेल?"

"माका काय म्हायत?" धाकू म्हणाला. "साहेब सांगता, ता खरा मानूक होया."

बॅप्टिस्ट शुक्रवारी पुन्हा रजा टाकून बोर्डाच्या ऑफिसात गेला. या खेपेस ल्युसीच पुढे होती. खिडकीवरच्या म्हाताऱ्या क्लार्कने त्यांचं ऐकून घेतलं, नियमांचं पुस्तक काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एका कलमावर पेन्सिलीने बारीक खूण केली. ल्युसीने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मराठीत करून बापाला सांगितलं. अकरावी पास झालेल्या मुलाचा विषय त्याच्या पालकाच्या अर्जावाचून बदलता येत नाही. आणि असा अर्ज, म्हणजे बॅप्टिस्टने सही केलेला तो कागद, जुलैअखेरपर्यंत मागे घेता येतो.

"आणि पन्नास?" बॅप्टिस्टने विचारलं.

"पन्नास कसले?" क्लार्क म्हणाला.

तिथेच बाकावर बसून ल्युसीने अर्ज मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं, मराठीत, आणि बॅप्टिस्टने ते शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचून मगच सही केली. एक प्रत बोर्डात दिली, एक कॉलेजच्या ऑफिसात. दोन्हींवर पोच घेतली. आणि पुढचा आठवडाभर तो संध्याकाळी ल्युसीने करून दिलेली त्या तेवीस मुलांच्या पत्त्यांची यादी घेऊन घरोघर हिंडला. मरोळ, चकाला, जोगेश्वरी, एक मुलगा तर थेट वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. काहींनी त्याला चहा दिला, काहींनी दारातूनच वाटेला लावलं. एका बापाने सांगितलं, "पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? पोरगं अजून वर्षभर त्यांच्या हाताखाली आहे." तरी त्याला धरून नऊ पालक तयार झाले. धाकूही आला.

नऊ पालक एकदम दारात बघून नाबर सर चपापले, पण सावरले. त्यांनी सगळ्यांना बसायला खुर्च्या मागवल्या आणि खाली उतरून प्राचार्यांशी बोलून आले. मग म्हणाले, "कॉलेज कोणावर अन्याय करू इच्छित नाही. आपण तेवीसही मुलांची चाचणी घेऊ. येत्या पंधरा तारखेला, शंभर मार्कांची. ज्यांना पन्नास पडतील त्यांना गणित परत. यापेक्षा न्याय्य काय असू शकतं?"

खुर्च्यांवर हलकीशी कुजबुज झाली. लोकांचे चेहरे सैल पडले. नाबर सरांनी फॉर्म वाटायला घेतले. या खेपेस मराठीत होते, तेवढी सुधारणा झाली होती. बॅप्टिस्टने आपला फॉर्म वाचला. खालच्या ओळीत लिहिलं होतं: चाचणीचा निकाल मला मान्य राहील व त्यानंतर विषयाबाबत माझी कोणतीही तक्रार राहणार नाही.

"मी सही करत नाही," तो म्हणाला.

"का?"

"माझी मुलगी पास आहे. पास झालेल्याने पुन्हा पास व्हायचं, तेपण तुमच्या आकड्याला, हे कुठे लिहिलंय? तुम्ही पाच महिने शिकवलं नाही, त्याची चाचणी कोण घेणार?"

नाबर सर त्याच्याकडे न बघता बाकीच्यांना म्हणाले, "मिस्टर मिस्किटांना आपल्या मुलीची खात्री नसावी."

आठ जणांनी सह्या केल्या. जे आले नव्हते त्यांनीही नंतर ऑफिसात येऊन केल्या. धाकूने सही करताना बॅप्टिस्टच्या नजरेला नजर दिली नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "तुझा बरोबर आसा रे. पण माका पोरगीचा वरीस होया. भांडान जिंकून काय करू?"

बॅप्टिस्टने त्याला अडवलं नाही. पुढे त्याला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

घरी त्याने ल्युसीला सांगितलं की तिने चाचणीला बसायचं नाही. ती अभ्यासच करत होती. शुभा बाई कॉलेज सुटल्यावर तासभर थांबून राहिलेले धडे शिकवत होत्या, कोणालाही न विचारता. ल्युसीने वही बाजूला ठेवली.

"मी बसणार आहे."

"का? तू पास आहेस ल्युसी."

"मला माहीत आहे मी पास आहे. पण सगळी पोरं आत पेपर लिहिणार आणि मी घरी बसणार, मग नाबर सर सांगणार, बघा, घाबरली. पप्पा, मागच्या वेळी तुम्ही मला न विचारता सही केलीत. या वेळी न विचारता नाही म्हणताय. एकदा तरी मला विचारा ना."

सेराफिना कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बरोबर बोलते ती."

बॅप्टिस्टला राग आला, आणि तो राग नेमका कोणावर आहे हे त्याचं त्यालाच कळेना. शेवटी म्हणाला, "बस. पण फॉर्मवर माझी सही मिळणार नाही."

"नकोच आहे," ल्युसी म्हणाली.

पंधरा तारखेला रविवार होता. पर्यवेक्षणाला शुभा बाईच होत्या. मुलांनी एकेक करून फॉर्म दिले. ल्युसीच्या फॉर्मवर पालकाच्या सहीची जागा कोरी होती. बाईंनी तो पाहिला, काही न बोलता गठ्ठ्याच्या तळाला सरकवला आणि तिला पेपर दिला. पाच-पाच मार्कांचे वीस प्रश्न होते. तीन तासांचा पेपर. ल्युसी पन्नास मिनिटांत उठली. तिने सात प्रश्न सोडवले होते. सातही अचूक, पायरीन्‌पायरी लिहिलेले. त्याखाली तिने एक रेघ ओढली होती आणि लिहिलं होतं, 'पासाला एवढे पुरतात.'

बाकीचे तेरा प्रश्न तिने नुसते वाचले होते. त्यातले निदान दहा तिला येत होते, हे बाईंना तिच्या वहीवरून माहीत होतं.

बुधवारी निकाल कॉलेजच्या सूचनाफलकावर लागला. तेवीसांपैकी दहा मुलांना पन्नास किंवा वर. राधा सावंत, शेहेचाळीस. ल्युसी मिस्किटा, पस्तीस.

बॅप्टिस्टला हे ल्युसीनेच घरी येऊन सांगितलं. तो आधी हबकलाच. "येत होतं ना तुला?"

"येत होतं."

"मग?"

"मी पन्नास काढले असते तर त्यांचा नियम खरा ठरला असता. ते म्हणाले असते, बघा, नियम लावला म्हणून पोरगी अभ्यासाला लागली." मग तिने विचारलं, "तुम्ही रागावलात का?"

बॅप्टिस्टने नाही म्हणून मान हलवली. त्याला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. पोरीने सगळं त्या एका पोच घेतलेल्या पत्रावर लावलं होतं, आणि पत्राला अजून उत्तर नव्हतं.

पत्राचं उत्तर जुलैच्या अठ्ठावीस तारखेला आलं. बोर्डाने कॉलेजला कळवलं होतं की सदर विद्यार्थिनी अकरावीच्या गणितात उत्तीर्ण असून पालकाने विषयबदलाचा अर्ज मुदतीत मागे घेतला आहे, तरी तिचा मूळ विषय कायम ठेवावा. प्रत बॅप्टिस्टला. त्याने ते पत्र कारखान्याच्या डब्याच्या पिशवीत घालून कॉलेजात नेलं आणि नाबर सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांकडे मूळ पत्र होतंच.

"ठीक आहे," सर म्हणाले. "उद्यापासून ती गणिताच्या वर्गात बसेल."

"आणि बाकीचे बारा?"

"त्यांच्या पालकांनी चाचणीचा निकाल लेखी मान्य केलाय. तुम्ही केला नव्हता." सरांनी हात पसरले. "कागदाप्रमाणेच जावं लागतं, मिस्टर मिस्किटा. तुम्हालाही कागदानेच मिळालं."

"सर, राधा सावंत चव्वेचाळीसला पास होती. शेहेचाळीसलाही पास आहे. दोनदा पास झालेल्या पोरीला तुम्ही दोनदा नापास केलंत."

"सही आहे तिच्या वडिलांची."

"तो तुम्हाला साहेब म्हणतो म्हणून आहे," बॅप्टिस्ट म्हणाला. त्याचा आवाज बाहेर ऑफिसपर्यंत ऐकू गेला आणि टाइपरायटर थांबले. "तुम्ही सांगितलं पोरगी कच्ची, तर त्याने स्वतःच्या पोरीला कच्ची म्हटलं. पाच महिने वर्गात मास्तर नव्हता हे तुम्ही स्वतः त्याला सांगितलं असतं, तर त्याने केली असती सही? तुमच्या मागे ती पाटी आहे ना, टक्क्यांची? तिच्यासाठी तुम्ही पोरं मोजताय. जी पाटीत बसत नाहीत ती बाहेर."

नाबर सरांनी शिपायाला बोलावलं. बॅप्टिस्ट आपणहून बाहेर पडला.

धाकूला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. त्याने दुपारच्या सुट्टीत जसं घडलं तसं सांगितलं. धाकूने ऐकलं आणि डबा उघडलाच नाही. नंतर तो मशीनवर गेला. पुढले पंधरा दिवस तो बॅप्टिस्टशी कामापुरतंच बोलत होता. बॅप्टिस्टनेही त्याला दोष दिला नाही. त्याची मुलगी वर्गात बसत होती, धाकूची नव्हती. यात दोस्तीला जागा कुठे होती?

वर्ष गेलं. मार्च पंचाऐंशीला बारावीची परीक्षा झाली आणि जूनमध्ये निकाल लागला. ल्युसीला गणितात ऐंशी मिळाले. त्याआधीच, एप्रिलअखेर, शुभा बाईंची ऑर्डर पुढे न वाढवता संपवण्यात आली होती. कारण कोणी लिहिलं नाही. त्या मुलुंडला एका शाळेत आठवी-नववीला शिकवायला लागल्या. निकालाच्या दिवशी कॉलेजच्या फाटकात नव्या रंगवलेल्या पाटीवर लिहिलं होतं: गणित, ९८ टक्के.

ल्युसीची गुणपत्रिका आणायला बॅप्टिस्ट तिच्यासोबत गेला होता. तो त्या पाटीसमोर उभा राहिला.

"कशाचे अठ्ठ्याण्णव?" तो फाटकावरच्या वॉचमनला म्हणाला. वॉचमनला काय कळणार? तो म्हणाला, "चांगला निकाल लागलाय ना साहेब." बॅप्टिस्ट म्हणाला, "बारा पोरांना आधीच काढलं. उरलेल्यांचे अठ्ठ्याण्णव." ल्युसीने त्याचा दंड धरून त्याला पुढे नेलं.

राधा सावंत भूगोलात साठ मार्क घेऊन पास झाली होती. तिला पुढे टेक्निकलला कुठेच अर्ज करता येईना. प्रत्येक फॉर्मवर गणिताचे गुण मागितलेले होते आणि तिच्या गुणपत्रिकेवर तो रकानाच नव्हता. धाकू तिला टायपिंगच्या क्लासला घालणार होता. हे ल्युसीला कळलं तेव्हा ती बापाला म्हणाली, "ते बोर्डातले म्हातारे क्लार्क आठवतात ना? त्यांना विचारू या. नुसता एक विषय देता येतो का."

तिघं गेली. ल्युसी, राधा आणि बॅप्टिस्ट. म्हाताऱ्या क्लार्कने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो ना. बारावी पास झालेल्याला सुटा विषय घेऊन बसता येतं. ऑक्टोबरात फॉर्म निघतील, मार्चात परीक्षा."

राधा पहिल्यांदाच बोलली. "हे आम्हाला कॉलेजात कोणी सांगितलं नाही."

"कॉलेज कशाला सांगेल?" क्लार्क म्हणाला. "सुट्या विषयाचा मुलगा त्यांच्या निकालात धरला जात नाही. त्यांना काय फायदा?" आणि खिडकीवर पुढच्या माणसाकडे वळला.

संध्याकाळी बॅप्टिस्ट धाकूच्या घरी गेला. दाराशीच थांबून त्याने सगळं सांगितलं. धाकूने त्याला आत बोलावलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "मी वाचून सही केलंय ती. माका दिसला होता ता खाली लिवलेला. तरी केलंय."

"मीपण केली होती," बॅप्टिस्ट म्हणाला. "न वाचता."

राधा वर्षभर दर रविवारी नाहूरला शुभा बाईंच्या घरी जात राहिली. बाईंनी तिला पहिल्यापासून शिकवलं, न शिकवलेल्या त्या पाच महिन्यांपासून. ल्युसी तोवर डिप्लोमाला लागली होती. शहाऐंशीच्या जूनमध्ये राधाचा निकाल आला. गणित, बासष्ट. एक वर्ष उशिरा तिने ल्युसीच्याच डिप्लोमाच्या कॉलेजात प्रवेश घेतला.

बाकीच्या अकरा मुलांपैकी दोघांनी राधासारखाच सुटा विषय दिला. नऊ जणांचं काय झालं ते बॅप्टिस्टला कळलं नाही. काही पत्त्यांवर तो पुन्हा गेला होता. एका दारात एका बाईने त्याला सांगितलं, "आमच्या पोराला गणित जमतच नव्हतं हो. सरांनीच सांगितलं होतं." ते ऐकून तो जिना उतरून खाली आला आणि बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. परत वर जाऊन त्या बाईला सांगावं, की तुमच्या पोराला जमत होतं, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं, असं त्याला वाटलं. मग तो खरोखरच वर गेला आणि सांगून आला.